दोन शाळांची सावड

तुमच्या गावची शाळा नेमकी कुणाच्या मुठीत आहे? मास्तरांच्या म्हणाल तर ते खरे नाही. मास्तर स्वतःच बदलीच्या धास्तीने अर्धा झालेला असतो. बोर्डाच्या म्हणाल तर बोर्ड लांब आहे, आणि लांब असलेल्याचा हुकूम गावात पोचतो तो कुणाच्या तरी हातूनच. तो हात कुणाचा, एवढेच मी विचारतो आहे.

कापूस निघाला की दरवर्षी हा प्रश्न माझ्या डोक्यात उठतो. सध्या मी अकोल्याला असतो, जुन्या शहरात, एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. पहाटे उठून दार उघडले की गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या बैलबंड्यांची रांग दिसते. मोर्णा नदी ओलांडून त्यांना सरकी काढायच्या जिनात जायचे असते. बैल उभ्या उभ्या रवंथ करतात, गाडीवाले बिड्या ओढतात, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लागून राहतात. दुपारपर्यंत ते पुंजके छापखान्यातही येतात. शाईवर बसतात, छपाईच्या खिळ्यांच्या फटीत शिरतात. सरकीचा तेलकट वास आणि शाईचा वास एकत्र आला की मला आमचे धामणी गाव आठवते, तोंडात हिवतापाच्या कोयनेलची कडू चव येते, आणि मी एकदम संशयी होतो.

यंदा त्यात भर पडली. महिन्यापूर्वी शहरातले एक हेडमास्तर छापखान्यात आले. कोट झटकून बसले. म्हणाले, "तालुक्यातल्या शाळांचा संघ काढतो आहोत. तुमच्या लेखणीत आग आहे म्हणतात. थोडी ऊब आम्हालाही द्या. एक पत्रक लिहा."

मी विचारले, "संघ करून काय होईल?"

त्यांनी उत्साहाने सांगितले. एका शाळेजवळ पृथ्वीचा गोल आहे, दुसरीजवळ नाही. एका शाळेत चित्रकला येणारा मास्तर आहे, बाकीच्यांत मुलांनी आयुष्यात रंगाची पेटी पाहिलेली नाही. हे सगळे फिरते ठेवता येईल. परीक्षेचे पेपर एकत्र काढता येतील. एखाद्या गावचा मास्तर आजारी पडला तर शेजारचा धावून जाईल. एकट्या पडलेल्या शाळेला सोबत मिळेल.

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच मी जास्त सावध झालो. ज्या कागदावर सगळेच खरे लिहिलेले असते, त्यात काय लिहायचे राहिले आहे ते आधी पाहावे, असे मी पत्रके वाचून शिकलो आहे.

"या संघात गावचे कोण आहे?" मी विचारले.

"गावकऱ्यांचे काय काम?" ते म्हणाले. "हा शिक्षणाचा प्रश्न आहे."

ते गेले. मी त्यांच्या खुर्चीवर पडलेला कापसाचा पुंजका उचलला आणि बराच वेळ बोटांत फिरवत बसलो.

शाळेचा हा प्रश्न धामणीत मला पहिल्यांदा पडला, त्या वर्षी मी सोळा-सतरा वर्षांचा असेन. अमरावतीला बोर्डिंगात राहून शिकत होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो आणि हिवतापाने धरले. परत जाणे लांबत गेले, ते थेट संक्रांत उलटेपर्यंत. धामणी मोर्शीच्या वाटेवर आहे. काळी जमीन, डोळे पोचतील तिथवर कपाशी. मी ओसरीवर घोंगडी पांघरून पडलेला असे आणि समोर पांढरे पडत चाललेले शिवार दिसे. अंगात हुडहुडी भरली की ते सगळे शिवार थरथरते आहे असे वाटे. माय कोयनेल देई आणि त्यावर संत्र्याची एक फोड. संत्री शेजारच्या लिंबाळा गावची. ती फोड गोड लागायची नाही, पण सालीचा वास बोटांना दिवसभर राहायचा.

माझ्या उशाखाली पत्रके होती. माझे मामा अमरावतीला छापखान्यात होते. बिघडलेले कागद ते मला देत. काही उलटे छापलेले, काही अर्धेच. मी त्यांची वह्यांना कव्हरे घालायचो आणि वाचायचो. अर्ध्या पत्रकांनी मला एक सवय लावली. पुढचे वाक्य आपणच पुरे करायचे. परदेशी कापडाविरुद्ध, सावकाराविरुद्ध, अस्पृश्यतेविरुद्ध, सगळ्या पत्रकांत एक प्रश्न फिरून फिरून येई: यात फायदा कुणाचा? तो प्रश्न मी अंगाऱ्यासारखा जवळ बाळगत होतो.

माझी धाकटी बहीण ठमी तेव्हा चौथीत होती. चौथीपर्यंत पोचलेली गावातली ती एकटीच मुलगी. तिच्यामागे खालच्या वर्गांत आणखी चारदोन होत्या. सगळ्या मुलींना मिळून बसायला तरटाची एक पट्टी होती. भिंतीकडेची, दारापासून लांब. ठमी वाचायची असे की बायका दळण थांबवून ऐकत. पण हिशेबात तिचे अडायचे. दोष तिचा नव्हता. आमचे वामन मास्तर कविता फार गोड म्हणत, आणि त्रैराशिक आले की त्यांना खोकला येई. तो खोकला तास संपेपर्यंत थांबत नसे. पाटीवर मांडलेले उदाहरण तसेच अर्धे राही. लिंबाळ्याच्या शाळेत गोविंद मास्तर होते. हिशेबात पक्के. पण ते कविता म्हणू लागले की पोरे खाली मान घालून हसत. दोन्ही शाळा एकेका मास्तरच्या. मध्ये एक नाला आणि कोसभर पायवाट.

या दोन मास्तरांची अदलाबदल करावी असे सुचवले आमच्या पाटलांनी. मारुतीच्या पारावर सभा भरली, लिंबाळ्याचीही माणसे आली. मीही घोंगडी पांघरून जाऊन बसलो. पाटील म्हणाले, "आपल्या शाळेले कापूस वेचाच्या दिवसात सुट्टी. लिंबाळ्याच्या शाळेले संक्रांतीपासून फागुनापावतर, संत्रं तोडाच्या दिवसात. ज्या गावाले सुट्टी, त्या गावचा मास्तर दुसऱ्या गावी. म्हंजे जिथं शाळा चालू, तिथं दोन मास्तर. वरून मंजुरी मी आनतो. दोनई गावचं भलं."

लोकांनी माना डोलावल्या. मी मात्र घोंगडीत ताठ झालो. ज्या माणसाने शाळेला कधी एक तरट दिले नाही, त्याला एकाएकी शिक्षणाचा कळवळा काहून आला? पाटलांची कपाशी गावात सगळ्यांत जास्त. वेचणीला हात मिळत नाहीत म्हणून ते दरवर्षी आरडाओरडा करत. आता हात मिळतील, आणि वर मंजुरीही मिळेल. पोरांना वावरात नेले तर आजवर मास्तर निदान एकदा घरी येऊन विचारायचा. आता विचारायलाही कोणी येणार नाही, कारण सुट्टीच असेल.

मी उभा राहिलो. "पाटील, सुट्टीत पोट्टे कोनाच्या वावरात राह्यतीन?"

पाटील हसले. "अमरावतीचं पानी लागलं का बे तुले? अंगात हिव, अन् तोंड तरी चालूच. आपापल्या बापाच्या वावरात राह्यतीन. माह्या वावरात आले, तं मी काय त्यायले खाऊन राहिलो?"

"सुट्टी सरल्यावर पोरी वापस आल्या नाई तं?"

यावर कोणी हसले नाही. मुलगे परत येतात, मुली येत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होते. पहिली वेचणी झाली की दुसरी, मग तिसरी, मग कपाशीच्या वाळल्या पराट्या उपटणे, मग घरात कोणाचे तरी लग्न. मुलीची सुट्टी संपतच नाही. आणि त्या वर्षी ठमीची संपली नाही, तर चौथी कायमची राहणार होती. पुढच्या वर्षी तिला कोणी शाळेत पाठवणार नव्हते. बाबांनी ते आधीच बोलून ठेवले होते.

घरी आल्यावर माझे कौतुक होईल असे मला वाटले होते. ठमी चुलीपाशी बसून पाटी पुसत होती. म्हणाली, "भाऊ, तू काहून मोडता घालतं? मले हिसाब शिकवनारा मास्तर पायजे."

"अवं, हे सगळं पाटलाचं कारस्थान हाय."

"असन. पन तुह्या पत्रकात त्रैराशिक हाय का? असन तं तूच शिकव."

मी बीजगणितात नापास होऊन आलो होतो. तिला ते माहीत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पारावर बसले सगळे. या वेळी बोलले लिंबाळ्याचे संपतराव. त्यांची संत्र्याची बाग, शिवाय वांगी, मेथी, झेंडूची फुले. आठवड्याच्या बाजारात त्यांच्या भाजीच्या पाट्या सगळ्यांत आधी संपायच्या आणि त्यांचे तोंड सगळ्यांत शेवटी थांबायचे. ते म्हणाले, "खरं सांगतो पाटील, राग नोका मानू. मले तुमच्या गावावर भरवसा नाई."

"मंग आला काहून?" पाटील म्हणाले.

"भरवसा नाई म्हनूनच आलो. भरवसा असता तं घरीच बसलो असतो. हे जे तुमी सांगून राहिले ना, ते सावड होय. मंग सावडीचा कायदा लावा."

सावड म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला सांगावे लागत नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ज्याच्याजवळ एकच बैल आहे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवतो. आज दोन्ही बैल माझ्या वावरात, उद्या तुझ्या. बैल धाडताना मालकही बरोबर जातो. त्याला किती राबवतात, वेळेवर पाणी पाजतात की नाही, ते तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पाहतो. आणि ज्याने आपली पाळी फेडली नाही, त्याच्याशी पुढच्या हंगामात कोणी बैल जुंपत नाही. धामणीत अर्धे गाव एकबैली. आमच्या घरीही एकच बैल होता.

संपतराव म्हणाले, "मास्तरासंग आमच्या गावची दोन मान्सं येतीन. पट्ट्या पायतीन. सुट्टी सरल्यावर पट्टी रिकामी दिसली तं मास्तर घेऊन वापस. तुमचीबी मान्सं आमच्याकडे या, पाहा."

"म्हंजे तू माह्या गावची शाळा तपासशीन?"

"तुमी माही तपासा ना. माह्या शाळेत लपवाले काय हाय? छप्पर गळते, ते बी पावसाळ्याबिगर दिसत नाई."

लोक हसले, आणि हसता हसता ठरून गेले. पाटलांनी मान्य केले, कारण कोणी खरेच पाहायला येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. संपतरावांवरही नव्हता. तोडणीच्या दिवसांत त्यांच्या बागेलाही हात हवेच होते, आणि लिंबाळ्याची पोरे काही आभाळातून पडलेली नव्हती. स्वार्थ दोन्हीकडे होता. फक्त आता तो समोरासमोर बसला होता.

मग वेचणी आली. शाळेला कुलूप लागले. ठमी सकाळीच माय-बाबांबरोबर वावरात जाई. कमरेला वेचलेल्या कापसासाठी ओटी बांधलेली, डोक्यावर बाबांचे जुने धोतर गुंडाळलेले. कपाशीवर दव असते, पहिल्यांदा बोटे गारठतात. मग ऊन चढते आणि बोंडाची वाळलेली टोके नखांच्या कडेला टोचू लागतात. तिसऱ्या प्रहरी ती घरी येई तेव्हा तिची बोटे खरखरीत झालेली असत. पाटी घेई, पण पेन्सिल नीट धरवत नसे. मी ओसरीवरून पाही. माझा ताप उतरत होता, आणि जसजसा तो उतरत होता तसतसा माझा संशय स्वच्छ होत चालला होता. अंगणात कापसाचा ढीग चढत होता, मुले त्यावर उड्या मारत होती, मांजर त्यात झोपत होते. इतके मऊ, इतके पांढरे. त्याकडे पाहून कोणालाही वाटणार नाही की त्यात कोणाची चौथी बुडते आहे.

संक्रांत झाली. शाळा उघडण्याच्या दिवशी मी चालता झालो होतो, तेव्हा शाळेत गेलो. सुट्टीत वामन मास्तर लिंबाळ्याला शिकवून आले होते. आता लिंबाळ्याला सुट्टी लागली होती आणि गोविंद मास्तर धामणीत येणार होते. लिंबाळ्याची दमणी, हलकी बैलगाडी, आली. गोविंद मास्तर उतरले, मागून संपतराव आणि आणखी एक गृहस्थ. मुलग्यांच्या पट्ट्या भरल्या होत्या. मुलींची पट्टी झाडून, सरळ करून अंथरलेली होती, आणि तिच्यावर कोणी नव्हते. ठमी वावरात होती. तिसरी वेचणी निघाली होती, आणि बाबा म्हणाले होते, आणखी थोडे दिवस.

संपतराव आत आले, इकडेतिकडे पाहिले, आणि त्या रिकाम्या पट्टीवर मांडी घालून बसले.

गोविंद मास्तरांनी खडू उचलला. संपतराव म्हणाले, "थांबा मास्तर. वर्ग अजून भरला नाई."

"पोरी येतीन उद्या-परवा," वामन मास्तर म्हणाले, आणि त्यांना खोकला आला.

संपतराव उठले. गोविंद मास्तरांना दमणीत बसवले आणि मला म्हणाले, "तू प्रश्न इचारनारा ना? बस. तुह्या बापाचं वावर दाखव."

आमच्या वावराच्या धुऱ्यावर दमणी थांबली. बाबा ओळीत वाकलेले होते. आजूबाजूच्या वावरांतही माणसे होती, सगळी मान वर करून पाहू लागली. संपतराव उतरले नाहीत. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "रामराम. मास्तर वापस नेऊन राहिलो. तुमी सावड मोडली."

बाबा सरळ झाले. "म्या? म्या कोनाची सावड मोडली कवा?"

"आज. आमी सुट्टीत तुमचा मास्तर घेतला, आता आमचा आनला. तुमची पट्टी रिकामी."

शेजारच्या वावरातून कोणीतरी विचारले, "काय झालं गा?" आणि दुसऱ्याने उत्तर दिले, "सावड मोडली म्हंते." तो शब्द धुऱ्याधुऱ्याने पुढे गेला. पाटलांना त्या शब्दाचे काही नव्हते. त्यांच्या गोठ्यात जोड्या होत्या. पण बाबांच्या गोठ्यात एक बैल होता, आणि तो शब्द त्यांच्या नावाला चिकटणार होता. मी पारावर उभा राहून विचारलेला प्रश्न बाबांनी तेव्हा ऐकून सोडून दिला होता. घरच्या पोराचाच तो प्रश्न, त्याला काय उत्तर द्यायचे. पण शेजारच्या गावाने दमणीतून आणलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते.

बाबांनी हातातला कापूस ठमीच्या ओटीत टाकला. म्हणाले, "जाय वो ठमे."

"आत्ताच?"

"मंग काय मुहूर्त पायतं?"

ठमी ओटी न सोडताच दमणीत चढली. बैल वळले. गोविंद मास्तरांनी तिच्या पोटाशी आलेल्या कापसाकडे पाहिले आणि शाळा येईपर्यंत थांबलेही नाहीत. "सांग पोरी," ते म्हणाले, "इतका कापूस एक जण इतक्या वेळात वेचते. मंग तुह्या माय-बापानं अन् तू मिळून दिवसभर वेचला तं?" ठमी बोटे मोजू लागली. खरखरीत बोटे एकमेकांवर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्रैराशिकाचा तिचा पहिला पुरा झालेला हिशेब धुऱ्यावरच्या खडखडाटात झाला. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलीही पट्टीवर होत्या. त्यांचे बापही एकबैली होते.

आणि फागुनात काय झाले ते सांगितलेच पाहिजे. लिंबाळ्याची संत्री उतरली आणि सुट्टी संपल्यावर त्यांची शाळा पाहायला आमच्या गावातून बाबा गेले. आमच्या गावच्या शाळेत बाबांनी आयुष्यात पाऊल टाकले नव्हते. लिंबाळ्याला मात्र ते धुतलेले धोतर नेसून गेले, आणि आले ते खुशीत. मायला म्हणाले, "त्यायची तं पोट्ट्यायचीच पट्टी अर्धी रिकामी. संपतरावचाच पोट्टा नाई. म्या म्हटलं, चाल, दाखव तुही बाग."

त्या सालाने मला जे शिकवले ते कुठल्या पत्रकात नव्हते. शाळांनी एकत्र येण्याचे फायदे हेडमास्तर सांगतात तसे आहेतच. लिंबाळ्याचा पृथ्वीचा गोल आमच्याकडे आला, आफ्रिकेला पोचा पडलेला, पण आला. वामन मास्तर गोविंद मास्तरांच्या शेजारी बसून स्वतःच त्रैराशिक शिकले आणि त्यांचा खोकला बरा झाला. लिंबाळ्याची पोरे आमच्या कविता म्हणू लागली. हे सगळे झाले. पण हे सगळे प्रेमाने झाले असे कोणी म्हणेल तर मी मानणार नाही. दोन्ही गावांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून झाले. एका गावची शाळा एका पाटलाला सहज दाबता येते. दोन गावांची शाळा दाबायला दोन पाटलांचे एकमत लागते, आणि पाटलांचे एकमत होत नाही याबद्दल मी देवाचा आभारी आहे.

ठमी त्या वर्षी चौथी पास झाली. पुढे अमरावतीला मास्तरीण होण्याचे शिक्षण घेतले. आता आकोटकडच्या एका खेड्यात मुलींची शाळा चालवते. एक खोली, एक मास्तरीण, ती स्वतः. गेल्या आठवड्यात कामानिमित्त अकोल्याला आली होती. मी तिला हेडमास्तरांच्या संघाविषयी सांगितले आणि म्हणालो, पत्रक लिहिणार नाही. सभा शहरात, आडवारी, म्हणजे बाजार नसेल त्या दिवशी, गावचा माणूस एकही नाही. हा संघ कोणाला तरी सोयीचा आहे, शोधून काढले पाहिजे.

तिने चहाची बशी खाली ठेवली. "भाऊ, माह्या शाळेत चित्रकला म्हटली का मले खोकला येते. मले संघ पायजे."

"अन् गावकरी?"

"तेच लिही ना. संघ नोको असं नोको लिहू. पट्टी पायले कोन येईन ते लिही. माह्या पट्टीवर आत्ता तीन जागा रिकाम्या हायत. मी घरोघर जाऊन आली. मी आता त्या गावचीच, माह्याशी कोनी बोलते का? दुसऱ्या गावचं कोनी आलं पायजे."

मी हेडमास्तरांकडे निरोप धाडला. सभा एखाद्या खेड्यात, बाजाराच्या दिवशी भरवा, प्रत्येक शाळेसाठी शेजारच्या गावची दोन माणसे नेमा, मग पत्रक मी फुकट लिहीन आणि खिळेही स्वतः जुळवीन. विचार करतो, म्हणाले. अजून विचार चालू आहे. म्हणून ते पत्रक इथेच लिहितो आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. संघावरही ठेवू नका. वेचणीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या दिवशी आपल्या शेजारच्या गावच्या शाळेत जा. आपल्या नव्हे, शेजारच्या. त्यांनाही सांगा की आमच्याकडे या, आम्ही रागावणार नाही, आणि रागावलो तरी या. आत गेल्यावर भाषण करू नका, मास्तरला धमकावू नका. फक्त मुलींची पट्टी कुठे अंथरली आहे ते शोधा. तिच्यावर रिकामी जागा दिसली तर तिथे मांडी घालून बसा, ती जागा कोणाची आहे ते विचारा, आणि मग उठून सरळ तिच्या बापाच्या वावराकडे चालू लागा.